विद्यामामींचा चष्मा आणि मी

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना फ्लॅश आहे. राहणार झाशी, लक्ष्मी गेट. तुमच्या मोबाइलच्या पाठीवरचा दिवा माझ्या नात्यातलाच, पण पोटात चार सेल पडल्याशिवाय माझे पान हलत नाही.

मला विकत आणले ते मधुसूदनरावांनी. ते रेल्वेत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नामुंजींचे फोटो काढत. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून मी ऐटीत मिरवत असे. माझा प्रकाश थेट तोंडावर आदळे आणि माणसे पिठात बुडवल्यासारखी पांढरी दिसत. लोक त्यालाच गोरेपणा समजून वाहवा करत, मग मी कशाला बोलतो! चष्मेवाल्यांचे मात्र हाल होत. काचांवर मी असा चकाके की डोळे दिसतच नसत. म्हणून मधुसूदनराव सगळ्यांना चष्मा काढायला लावत.

पुढे मधुसूदनराव गेले आणि मी कपाटात पडलो. पोटातले सेल गळले, गंज चढला. फार वाईट दिवस होते ते. शेवटी त्यांची मुलगी मृदुला हिने मला बाहेर काढले, लिंबाने गंज घासला आणि लांब वायर जोडून मला चक्क कॅमेऱ्यावरून खाली उतरवले. मला भयंकर राग आला. तिलाही सुरुवातीला काही जमत नव्हते. एकदा तिने माझा प्रकाश हिरव्या भिंतीवरून वळवला, तर समोर बसलेला तिचा मामेभाऊ अनुप कैरीसारखा हिरवागार दिसला.

पण ती हटली नाही, कारण अडचण मोठी होती. अनुपच्या वडिलांना, जगन्नाथमामांना, हल्ली माणसे ओळखू येत नाहीत. गोळी ते फक्त विद्यामामींनी दिली तरच घेत. आणि मामींना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ग्वाल्हेरला जायचे होते. मामांनी गोळी घ्यावी म्हणून अनुपने त्यांना मधुसूदनरावांनी काढलेले मामींचे जुने फोटो दाखवून पाहिले.

"ही कोण बाई?" मामा म्हणाले. "आमची विद्या तर चष्मा लावते."

मामींना जिना उतरून स्टुडिओत जाता येत नव्हते आणि वरच्या अंधाऱ्या खोलीत मोबाइलवरचे फोटो धुरकट येत होते. मृदुलाने मग पितळी तांब्याला चष्मा चढवला आणि मला डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवून पाहिले. तिला कळले की मी बाजूला आणि उंचावर असलो, तर काचेवरची चमक भलतीकडे निघून जाते.

दुसऱ्या दिवशी मामी समोर बसल्या आणि सवयीने चष्म्याला हात घातला.

"राहू द्या मामी," मृदुला म्हणाली. "जशा आहात तशाच बसा."

अनुपने मला बाजूला उंच धरले, उजेड मऊ पडावा म्हणून माझ्यावर पांढरे उपरणे टाकले. मी लखलखलो. काचांमागे मामींचे डोळे स्वच्छ उमटले, जरा दटावणारे, जरा काळजीचे. बडा बाजारातून फोटो मोठा करून आणला आणि मामांच्या पलंगासमोर लावला.

मामी ग्वाल्हेरला गेल्या त्या संध्याकाळी अनुपने गोळी पुढे केली. मामांनी तोंड फिरवले. फिरवले ते नेमके फोटोकडे. बराच वेळ ते बघत राहिले.

"घेतो म्हटलं ना, विद्या," ते म्हणाले. "अशी बघू नकोस." आणि त्यांनी गोळी घेतली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा तिची जागा बदलून बघा. आयुष्यभर मी लोकांचे डोळे झाकत आलो. मृदुलाने मला ते दाखवायला शिकवले, तिचे उपकार मी कसे फेडू?