हौसाच्या काखेतून

मी एक पांढरी पेशी. हौसाच्या डाव्या काखेतल्या गाठीत राहते, आणि मी रागात आहे.

माझा जन्म हौसाच्या हाडांतल्या मज्जेतला. आमच्यातली प्रत्येकजण एकेका शत्रूचीच खूण घेऊन जन्मते. तो भेटलाच नाही तर तशीच मरते. बाकीच्या बहिणींना काम होतं. निडी गावच्या शेतात हौसाच्या पायात काटा मोडला की त्या धावायच्या, ताप चढवायच्या. हौसा तापाला शिव्या घालायची. अगो, तो ताप तुझ्यासाठीच पेटवलेला असायचा. मी मात्र बसून होते.

एका सकाळी हौसा आणि तिचा दीर पोपट वालाच्या शेंगा तोडत होते. वाडीतलं ओळखीचं कुत्रं आलं आणि पोपटाच्या पोटरीला चावलं. त्याला सोडवताना हौसाच्या डाव्या मनगटातही दात रुतले. पोपटाने दोन्ही जखमांत मिरची आणि चुना भरला.

मिरचीने भाजल्या त्या आमच्याच बहिणी. कुत्र्याच्या लाळेतून आत आलेला रेबीजचा विषाणू, तोच माझा शत्रू; त्याचं काही बिघडलं नाही. रक्तात उतरला असता तर आम्ही त्याला फाडलं असतं. पण तो लबाड, मज्जातंतूत शिरून मुकाट मेंदूकडे निघतो. मी हातभर अंतरावर, आणि मला खबर नाही.

शेजारच्या हलीमाचा भाऊ मुराद लहानपणी असाच कुत्रं चावून गेला होता. तिने हौसाचा हात साबण लावून पाव तास नळाखाली धरला. पोपट पाय पुढे करीना. मग तिने दोघांना रोह्याच्या दवाखान्यात नेलं. पूर्वी पोटात चौदा सुया टोचायचे, ते पोपटाच्या डोक्यात बसलेलं. कंपनीतल्या शिफ्टचं निमित्त करून तो रांगेतूनच परतला.

हौसाच्या जखमेत एक इंजेक्शन दिलं, दुसरं, लसीचं, डाव्या दंडात. दंडातल्या सुईतून मेलेला शत्रू माझ्यापुढे आला. मी त्याला तत्काळ ओळखलं. एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी, अशा आम्ही हजारो झालो.

तिसऱ्या सुईला निघताना हौसा दिराच्या दारात थांबली. तोवर ते कुत्रं मेलं होतं.

"भावजी, अजून वेळ हाय. चला माझ्यासंगं."

"जखम भरली गो वयनी. सुया तूच घे."

होळीच्या आदल्या दिवशी पोपटाला पाणी पाहून उचकी आली, घसा आवळला. तिसऱ्या दिवशी त्याने हौसाचा हात धरला. "वयनी, तहान लागलीय. पन पानी नको आणू." संध्याकाळी तो गेला. हौसाचं काळीज धडधडत होतं, ते मला काखेत ऐकू येत होतं.

पोपटाच्या काखेतही माझ्यासारखी एक होती. माझ्याइतकीच तयार. तिला शत्रूचं तोंड कुणी दाखवलंच नाही. ती त्याच्याबरोबर चितेवर जळाली. कशाला? एका शिफ्टसाठी? सुईच्या भीतीपायी? माणसांनो, आमच्या ताकदीच्या गोष्टी सांगत बसू नका. कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, सगळ्या सुया पुऱ्या करा. पुढचं आमच्यावर सोडा.

गेल्या आठवड्यात वाडीतल्या जनूला कुत्रं चावलं. एवढ्याशा ओरखड्याला कोण रोह्याला जातंय, असं तो म्हणत होता. हौसाने डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही.