भिंतीकडे तोंड केलेली कपाटं

जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून तिला टिल्ली म्हणू लागले. आता सोळाव्या वर्षी ती बापाच्या डोक्यावरून पलीकडचं कपाट बघू शकत होती, पण नाव काही तिच्याबरोबर उंच झालं नाही. बाप आपल्या दुकानात लोकांच्या जुन्या फर्निचरला पॉलिश करायचा. हातात कला होती, जीभ मात्र असून नसल्यासारखी. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायचं खातं टिल्लीकडे. 'उद्या नेतो' म्हणून महिनाभर न फिरकणाऱ्याला ती फोनवर असं काही सुनवायची, की तो संध्याकाळच्या आत टेम्पो घेऊन हजर.

ही तोफ गेल्या वर्षभरात थंड पडली. आधी कपाळावर दोन-चार मुरुम आले, मग गालांवर, हनुवटीवर, मानेवर. मोठे, लाल, ठणकणारे, उशीला गाल टेकू न देणारे. शाळेतून आली की ती थेट दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. पुढे बाप एकटा, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली लिंबू, आत्या म्हणाली टूथपेस्ट. बापाने तर कळसच केला. जन्मभर लाकडं घासून गुळगुळीत केलेला माणूस तो. त्याला वाटलं, लाकूड काय आणि कातडी काय! "घासल्याशिवाय काही साफ होत नाही," म्हणत त्याने एक खरखरीत स्पंज आणून दिला. पोरीने बिचारीने रोज नेमाने घासलं. तोंड सोलवटून निघालं.

शेवटी आईने बापलेकीला धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी चेहरा नीट न्याहाळला.

"यात तुझी काही चूक नाही," त्या टिल्लीला म्हणाल्या. "घासायचं नाही, फोडायचं नाही. गोळ्या लिहून देते. उतरायला काही महिने जातील, आधी थोडं वाढल्यासारखंही वाटेल. धीर सोडायचा नाही. हे बरं होतं." मग त्यांनी बापाकडे पाहिलं. "आणि घासायला कोणी सांगितलं होतं?"

बाप पंख्याकडे बघू लागला.

गोळ्या सुरू झाल्या, पण बापाच्या जिवाला चैन पडेना. आपल्याच हाताने पोरीचे हाल झाले, हे त्याला राहून राहून टोचत होतं. काहीतरी करायलाच हवं, म्हणून ती शाळेत असताना त्याने दुकानातली आरशाची कपाटं आणि ड्रेसिंग टेबलं एकेक करून भिंतीकडे तोंड करून उभी केली. कंबर धरली, पण मनाला बरं वाटलं.

टिल्ली आली आणि दारातच थबकली. जिकडे बघावं तिकडे नुसत्या प्लायवुडच्या पाठी.

"हे काय?"

"काही नाही. धूळ बसते आरशांवर."

"बाबा."

"म्हटलं, तुला त्रास नको."

टिल्लीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आरशाची झालीय हो मला सवय! पण तुम्ही सगळे माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघता ना, ते नाही सहन होत. आता कपाटांनाही तेच शिकवलंत?"

बापाचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं काहीच नव्हतं त्यात. कित्येक दिवस तो तिच्या खांद्यावरून नाहीतर पायांकडे बघूनच बोलत होता, आणि यालाच माया म्हणतात अशी त्याची समजूत होती. त्याने मान वर करून लेकीकडे नीट पाहिलं. मुरुम होते तिथेच होते. पण मधोमध ती होती, चिडलेली, नाकाचा शेंडा लाल झालेली, थेट आपल्या आजीच्या वळणावर गेलेली. केवढी आठवण येत होती त्याला हिची, एका घरात राहून!

"चुकलं माझं," तो म्हणाला. "धर एक बाजू."

दोघांनी मिळून सगळं फर्निचर पुन्हा सरळ केलं. शेवटचं ड्रेसिंग टेबल फिरवतात न फिरवतात, तोच त्याची मालकीण दुकानात शिरली. टेबलाकडे बघायचं सोडून ती टिल्लीकडेच बघत राहिली.

"अगं बाई, काय करून घेतलंस हे तोंडाचं!"

टिल्लीची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. बापाच्या तोंडाशी शब्द आले. कधी नव्हे ते आज भरपूर आले. पण आपण बोललो की ही आत जाणार, आणि आज आत गेली तर लवकर बाहेर यायची नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. त्याने ओठ घट्ट मिटले. फक्त तिच्यावरची नजर काढली नाही.

टिल्लीने कपाळावरचे केस मागे सारले.

"मुरुम आहेत, काकू. मी करून घेतले नाहीत, आलेत. औषध चालू आहे. तुम्ही टेबलाचं बोला. पाय उंदरांनी खाल्ले होते, बाबांनी नवे बसवले. आणि त्याचे पैसे मागितले तर तुम्ही म्हणे त्यांना सांगितलंत, पाय आधीपासून धडच होते?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?" टिल्लीने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. नीट बोलू."

काकू मुकाट्याने बसल्या. टिल्ली आरशाला टेकून उभी राहणार, तेवढ्यात तिला काचेत मागे उभा असलेला बाप दिसला.

"बाबा," ती मान न वळवता म्हणाली, "आधी डोळे पुसा. गिऱ्हाइकासमोर रडलं की भाव पडतो."