तलवारींवरचं मटण

शकुबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती उगाच नाही. बंगल्याच्या मागच्या अंगणात विटा मांडून निखारे केले होते, आणि त्या निखाऱ्यांवर गालिनाबाईच्या तलवारी आडव्या घातल्या होत्या. खेळताना कोणाला टोचू नये म्हणून टोकांवर असलेली बोंडं कापून पात्यांत मटणाचे तुकडे ओवले होते. चरबी ठिबकत होती, आणि व्हिक्टरसाहेब हातात पेला धरून पाहुण्यांबरोबर खदखदा हसत होता.

"अगं माय माय!" शकुबाईच्या तोंडून निघून गेलं.

गालिनाबाई म्हणजे कोणी साधीसुधी बाई नव्हती. तलवारबाजीत देशोदेशी खेळलेली, पॅरिसला पदक मिळवलेली. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा करायला रशियाहून इंजिनियर आले, त्यात तिचा नवरा व्हिक्टरसाहेब होता, म्हणून ती इथं आली. इथं तिच्याशी खेळायला कोण? मग रोज दुपारी शकुबाईच चिंध्या भरलेलं पोतं छातीशी धरून उभी राहायची. बाई झेप घेऊन त्यावर टोक टेकवायची, आणि शकुबाई ओरडायची, "लागला!" घरकामाला ठेवलेल्या बाईनं हे काय चालवलंय म्हणून ती राहायची त्या मरोदा वस्तीतल्या शेजारणी फिदीफिदी हसत. हसेनात का! पुढच्या महिन्यात मॉस्कोत ऑलिंपिकच्या संघाची निवड होती. बाईचं तिकीट आलं होतं. सुपेल्याच्या बाजारात भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना शकुबाईनं ऐकवलं होतं की आमची बाई चालली.

आणि आता त्याच तलवारींवर मटण! चुलीत पडलेल्या विळ्याचं पाणी उतरतं, मग तो कशाच्याच कामाचा राहत नाही, हे तिच्या आमगावचं शेंबडं पोरही सांगेल. हा तर भट्टीवरचा इंजिनियर. याला कळत नाही होय? मेल्यानं मुद्दाम केलं. तिकीट आलं त्या दिवशी याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, ते तिनं पाहिलं होतं.

साहेबानं तिला बोटानं जवळ बोलावलं. "शाकू, घुमाओ."

"मी नाही फिरवत!" शकुबाई कडाडली. "कावून फिरवू? तुमच्या बायकोच्या तलवारी हायेत ह्या, कबाबाच्या सळया नाहीत! नाव काढलं तिनं परदेशात, अन् तुमी त्याच्यावर मटण भाजून राहिले? लाज कशी नाही वाटत तुमाले?"

शब्द कोणाला कळले नसतील, पण आवाज सगळ्यांना कळला. साहेब लालबुंद झाला आणि त्यानं सरळ फाटकाकडे हात केला. म्हणजे चालती हो. शकुबाईनं बाईकडे पाहिलं. बोल ना गं, आता तरी बोल! बाईनं विस्तवावरची एक तलवार उचलली, पहिला तुकडा काढून तोंडात टाकला आणि पाहुण्यांकडे बघून हसली.

ती तलवार हिसकून नवराबायको दोघांनाही बडवून काढावं, असं शकुबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब कारखान्यात गेल्यावर ती पुन्हा बंगल्यावर आली. कामाला नव्हे, भांडायला.

"तुमच्यापायी काम गेलं माझं," तिनं अंगणातूनच सुरुवात केली. "माझा नवरा केवलराम घरी डोकं खाऊन राहिला की तुले काय करायचं होतं मोठ्यांच्या भानगडीत. अन् तुमी? नवऱ्याच्या धाकानं गुमान मटण खाल्लं! एक शब्द फुटला नाही तोंडातून?"

गालिनाबाई पायरीवर बसली होती. केस विंचरलेले नव्हते. इथं आल्यावर शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "शाकू, साहब ने नहीं माँगा."

"काय?"

"तलवार मैंने दिया. वो बोला, नहीं गालिना, नहीं. मैंने आग पर रखा. मैं हँसा, दोस्त लोग हँसा, फिर वो भी हँसा."

"पण कावून?"

"मैं चौंतीस साल. वहाँ सब लड़की बीस साल. मैं हारती, सब लोग देखता." बाई जमिनीकडे बघत होती. "अब सब बोलेगा, आदमी ने जाने नहीं दिया. ये अच्छा है."

रात्रभर साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या शकुबाईनं. पोतं धरून धरून छातीवर निळे डाग पडले होते, ते घरात कोणाला दाखवले नव्हते. आणि ही बाई म्हणते, अच्छा है!

"हारून आल्या असत्या तर काय झालं असतं वो बाई?" ती किंचाळली. "मी काय दार लावून घेतलं असतं तुमच्या तोंडावर? चहाच मांडला असता ना मी!"

बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शकुबाई थांबली नाही. फाटक आपटून ती मरोद्याच्या वाटेला लागली, आणि रडू येतंय म्हणून तिला आणखीनच राग आला.