कासवांच्या वड्या

सारजाबाईनं पाट्यावरचा भोपळा वरवंट्यानं पुढं रेटला आणि मान न वळवता नवऱ्यावर खेकसली.

"ढवळताय का झोपा काढताय? चायना ग्रास बुडाला लागलं म्हंजी कासवं त्वांड फिरवत्यात."

"मी बी फिरवतो की करपल्याल्या कालवणापास्नं," चुलीपुढं बसलेला कुशाबा म्हणाला. "माज्यासाठी कुणी दुसरं टाकल्यालं आठवत न्हाई."

"तुमच्या जिवावर न्हाई मिळाली ही खोली. त्यांच्या जिवावर मिळालीया. ढवळा."

कुशाबा ढवळू लागला. बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतंच.

भोपळा, उकडलेलं गाजर आणि शेवग्याचा कोवळा पाला असा सगळा लगदा सारजाबाईनं पातेल्यात सोडला, थाळीत ओतला आणि वरून ओलं फडकं टाकलं. थाळी गार झाली की सुरीनं कापायची, वड्या पाडायच्या. बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी बारशाची तयारी चाललीय. खाणारी दोन कासवं बंगल्यामागच्या हौदात होती. मोठ्याला ती थोरला म्हणे, लहानाला धाकला. त्यात नर कोण, मादी कोण, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. तिचं काम त्यांच्या जिवंत असण्याशी होतं.

पौडच्या पुढं, धरणाच्या कडेच्या चढावरचा तो बंगला नानासाहेबांचा. पुण्यातली वकिली सोडून म्हातारा इथं येऊन राहिला, आणि बायको गेल्यावर कासवांशी बोलत बसायला लागला. वड्यांचं खूळ त्याचंच. कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं आणि पुण्याहून लगदा थिजवायला चायना ग्रासचा पुडा मागवला. पहिल्यांदा सारजाबाईनं विचारलं होतं, "मालक, त्येंना गांडुळं टाकली तर?" त्यावर नानासाहेब म्हणाले होते, "या घरात कुणी मांसाहार करत नाही. कासवानंही करायचा नाही." सारजाबाईनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं आणि भोपळा किसायला घेतला.

मग एका उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. मुलगा आणि सून भेटायला आले, तेव्हा ओसरीवर सगळ्यांदेखत तो म्हणाला, "कासवं इथं जिवंत आहेत तोवर कुशाबाला मागच्या खोलीतून कुणी हलवायचं नाही." मुलानं मान डोलावली. चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या सारजाबाईनं हे ऐकलं, आणि त्या क्षणापासून ती कासवांकडं निराळ्या नजरेनं बघू लागली.

त्या दोघांना दुसरं घर नव्हतं. कुशाबाचं गाव तो पोर असतानाच धरणाच्या पाण्याखाली गेलं. आभाळ निवळ असलं की तो मधल्या पाण्याकडं बोट करून म्हणे, "तितं आमचं दार." सारजाबाईचे भाऊ उरवड्याला होते खरे, पण भावजया कशा आहेत, हे तिनं दोन दिवाळ्यांत ओळखलं होतं. पहिल्या दिवशी तूप, दुसऱ्या दिवशी तेल, आणि तिसऱ्या दिवशी "एष्टी कवाची हाय, वन्सं?"

माणसांच्या देण्याघेण्याचा हिशेब सारजाबाईच्या डोक्यात सदा चालू असे. कुणी हसून बोललं तर कशासाठी, कुणी लिंबं आणून दिली तर बदल्यात काय नेणार, हे तिला आधी कळे. म्हातारा गेला तेव्हाही तिनं रडता रडता विचार केला. काहीही खाणारं कासव कुणीही सांभाळील. मग आपली गरज काय?

तिनं हौदातलं शेवाळ घासून काढलं. गोगलगायी वेचून फेकल्या. बेडूक यायला नको म्हणून वरून जुनं जाळं बांधलं. खायला फक्त वडी, आणि तीही आपल्याच हातून. बघता बघता कासवं त्यात मुरली. एकदा एक चुकार गोगलगाय थोरल्याच्या नाकासमोरून निघाली, तर त्यानं डोळा मिटून घेतला. सारजाबाईला इतकं बरं वाटलं की तिनं कुशाबाला हाक मारून ते दाखवलं.

"आता दुसऱ्या कुणाच्या हातचं खायाची न्हाईत."

"तू त्येंना पांगळं केलंस," कुशाबा म्हणाला.

"आनी आपल्याला पाय दिलं. गप बसा."

माघात नानासाहेबांचे चिरंजीव, धाकटे साहेब, बायकोला घेऊन चार दिवस हवापालटाला आले. साहेब दिवसभर व्हरांड्यात कुणाकुणाशी जमिनीच्या गोष्टी बोलत. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, आत येऊ का?"

सारजाबाई गडबडली. नानासाहेबांच्या बायकोनं हयातभर या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. सारजाबाईनं निवडून दिलेली भाजीसुद्धा त्या वरून पाणी शिंपडून मगच घरात घेत. रागानं नव्हे, रीतच तशी. आणि ही सून सरळ आत आली, सतरंजीची वाट न बघता सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली.

"चहा टाकलाय ना? वासानंच आले मी."

"आमच्या हितला चा घ्याल तुमी?"

"का, कडू असतो का तुमचा?"

सारजाबाईनं फळीवरची फुलाफुलांची कपबशी काढली. पौडच्या बाजारातून हौसेनं आणलेली, पण बाहेरच्या कुणासाठी खाली उतरली नव्हती. वहिनींनी बशीत ओतून चहा प्यायला, शेवटचा घोट भुरकला, आणि कप स्वतः विसळून पालथा ठेवला.

मग म्हणाल्या, "मला त्या वड्या शिकवाल? नानांची आठवण म्हणून हो. यांना काही येत नाही, मला तरी यावं."

कुशाबा दारात बसून तंबाखू मळत होता. तो खोकला.

"खोकला आला आसंल तर ओवा चघळा," सारजाबाई म्हणाली आणि परात पुढं ओढली.

उरलेल्या दिवसांत तिनं सगळं शिकवलं. चायना ग्रास कात्रीनं कापून भिजत घालायचं, मंद जाळावर पातळ करायचं. पाला उकळत्यात टाकला की काळा पडतो, म्हणून बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं आणि मग टाकायचा. पण फार निवू द्यायचं नाही, पातेल्यातच थिजतं. थोरल्याला गाजर आवडतं, धाकल्याला कोथिंबिरीच्या काड्या. वडी पाण्याच्या काठाला धरायची, तोंडापुढं नाचवायची नाही. वहिनी शाळकरी मुलीसारख्या ऐकत. चुकल्या की सारजाबाई त्यांचा हात धरून सुरी फिरवून दाखवी, आणि तो हात मागं होत नसे. चौथ्या दिवशी वहिनींच्या हातची पहिली वडी नीट निघाली, तर सारजाबाईनं बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली.

जाताना वहिनी वाकून पाया पडल्या. त्या रात्री सारजाबाईला जेवण गेलं नाही, इतकं पोट भरलं होतं.

"पाया पडली ती," ती म्हणाली. "बघितलं का?"

"बघितलं," कुशाबा म्हणाला.

फाल्गुनात मोटार आली. मागच्या सीटवर पत्र्याचा मोठा टब होता. तो बघताच सारजाबाईच्या हातातली केरसुणी थांबली.

धाकटे साहेब सभ्य माणूस. वाईट बातमी उभ्या उभ्या सांगत नसत. ओसरीवर बसले, कुशाबाला बसायला सांगितलं, पाऊसपाण्याची चौकशी केली. मग म्हणाले,

"कुशाबा, बंगला विकला. घेणाऱ्याला जागा मोकळी हवी. आता नानांचा शब्द काही मी मोडणार नाही. कासवं होती म्हणून तुम्ही इथं अडकून पडलात. ती आम्ही पुण्याला नेतो. हिला सगळं येतं आता. इथनं कासवं गेली, शब्द पुरा झाला. तुम्ही सुटलात."

"सुटलो," कुशाबा म्हणाला. त्यानं सारजाबाईकडं बघितलं नाही, म्हणूनच तिला ते लागलं.

ती वहिनींकडं वळली. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. निदान खाली बघण्याइतकी लाज त्यांना होती. एका कपभर चहाला आपण काय देऊन बसलो, ते सारजाबाईला उभ्या उभ्या उमगलं.

"ती दुसऱ्याच्या हातचं खात न्हाईत," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

"मी करून आणल्यात वड्या," वहिनी हळूच म्हणाल्या.

कासवं टबात ठेवली. वहिनींनी डब्यातली वडी काढून पाण्याच्या काठाला धरली, अगदी शिकवल्याबरहुकूम. थोरल्यानं मान आत घेतली. धाकला तर उलट्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. वहिनी थांबल्या, पुन्हा धरली. दुसरी वडी धरली. वडी त्यांच्या बोटात मऊ होऊन तुटली.

सारजाबाईच्या छातीत काहीतरी हलकं झालं. न्या आता, असं तिच्या मनात आलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"नाही खात तर राहू दे गं. जाता जाता धरणात सोडून देऊ. पाण्यातलंच जनावर आहे. त्यांनाही मोकळं वाटेल."

"असं कसं हो?" वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

कुशाबा उठून सारजाबाईजवळ आला. तोंडाला गमछा लावून कुजबुजला.

"सोडू देत. धरण काय हितनं कुटं गेलं न्हाई. आत गेल्यालं कासव जितं का मेलं, कोण बघाय जातंय? मग शबुद हायेच की. मी बोलतो साहेबांसंगं, तू फकस्त गप ऱ्हा."

हिशेब पक्का होता. तिच्या स्वतःच्या हिशेबांपेक्षा पक्का. धाकटे साहेब शब्दाला जागणारे, पळवाट सापडली तरच पळणारे. ही वाट कुशाबानं बुजवली असती. कासवं कधीच मेली नसती, आणि खोली कधीच सुटली नसती. गप राहणं एवढंच काम होतं.

मोटारीच्या मागं धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. सारजाबाईनं टबात बघितलं. थोरल्याचं नाक कवचाच्या कडेपाशी दिसत होतं. त्या पाण्यात गोगलगायी असतील, किडे असतील, शेवाळ असेल. हा त्या सगळ्यासमोर डोळा मिटून बसेल आणि वडीची वाट बघेल.

साहेबांनी टबाच्या कडीला हात घातला.

"वैनी," सारजाबाई म्हणाली, "वर गोणपाट टाका. ओलं करून."

"काय?"

"बिथारल्यात ती. उजेड लागतूय, टब हालतूय. अंधार झाला की खात्यात. वडी पाण्यात सोडा आनी झाका. हात नगा लावू."

कुशाबानं गमछा तोंडावरून काढला आणि खांद्यावर टाकला.

गोणपाट सारजाबाईनंच आणलं, भिजवलं, पिळलं आणि टबावर पसरलं. आत एकदा पत्र्यावर कवच घासल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाणी डचमळलं. तिनं कोपरा उचलला. वडी नव्हती. थोरल्याच्या तोंडाला गाजराचा तुकडा चिकटला होता.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या काहीतरी बोलायला पुढं झाल्या, तशी सारजाबाई म्हणाली,

"पातळ झालीया वडी. चायना ग्रास वाढवा. गाडीत आसंच झाकून ठिवा."

मोटार उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुशाबा हौदात उतरला. खालचा चिंध्यांचा बोळा त्यानं ओढून काढला. पाणी गुळगुळ करत पाटाला लागलं.

"ऱ्हाऊ द्या की पाणी," सारजाबाई म्हणाली.

"कुणाला?"

पाणी पाटानं अळूच्या वाफ्यात शिरलं. वाफा भरला, कडेनं फुटून पायवाटेवर पसरू लागला. खोरं तिच्या हाताशीच टेकवलेलं होतं. दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं मात्र सारजाबाईला सुचलं नाही.