पाळीवरचे काटे

पाकिस्ताननं त्याला सोडलं, हिंदुस्थाननं उतरवून घेतलं, आणि स्वतःच्या गावानं त्याला शाळेत कोंडलं. आता बोला.

भूपेश म्हणजे यशोदाबाई ढिवरणीचा मुलगा. गाव भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याकडचं, धानाचं. मधे मोठा तलाव. तलावाच्या या काठाला शेतकऱ्यांची वस्ती, शाळा आणि डांबरी रस्ता. त्या काठाला ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांचा, मोहल्ला. दोन्हींना जोडणारी वाट एकच, ती म्हणजे तलावाची पाळ, पाणी अडवणारा मातीचा बांध. भूपेशला ठेवलं होतं या काठाच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. दाराला बाहेरून कुलूप, खिडकीला गज. आणि गजांना नाक लावलं की पाण्यापलीकडे समोरच त्याचं घर. पडवीत बाज टाकलेली दिसायची. बाजेवर माय पडलेली असायची. हाक मारली तर पोचणार नाही आणि बघितल्यावाचून राहवणार नाही, असं ते मेलं अंतर. कराचीच्या तुरुंगात निदान घर दिसत तरी नव्हतं.

तो गाव सोडून गेला होता तो भांडणापायी. तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला इकडे तुडुम म्हणतात. हा तुडुम पाळीच्या त्या टोकाला, ढिवरांच्या बाजूला. शेतकऱ्यांना धानासाठी पाणी सोडायला हवं, ढिवरांना मासोळीसाठी पाणी राखायला हवं. ही ओढाताण जुनीच. पण एका उन्हाळ्यात गाववाल्यांनी जाऊन तुडुम पुरता उघडला, तलाव तळाला गेला आणि मासोळी चिखलात तडफडून मेली. लाठ्याकाठ्या निघाल्या, पोलीस आले. तेव्हापासून या काठानं त्या काठाच्या लग्नातलं जेवणसुद्धा सोडलं. भूपेश म्हणाला, या तलावात जाळं टाकण्यात आता राम नाही. गेला गुजरातला, मासेमारीच्या मोठ्या बोटीवर. आता समुद्राच्या पाण्यावर हद्द काय चुन्यानं आखलेली असते? बोट तिकडे सरकली, पाकिस्तानवाल्यांनी धरली, आणि हा तलावातला पोहणारा माणूस कराचीच्या बराकीत जाऊन पडला.

शिक्षा भोगून संपली तरी सुटका होईना, कारण दोन्ही देशांची बोलचाल बंद. त्यात करोना आला. बराकीत ताप शिरला आणि माणसं एकामागून एक आडवी झाली. भूपेशही झाला. तिथला एक म्हातारा कंपाउंडर त्याला गरम पाणी पाजायचा, पालथं निजवायचा, पाठीवर हात ठेवून श्वास बघायचा. भूपेशनं एकदा विचारलं, चाचा, माझ्यासाठी एवढं कशाला? म्हातारा म्हणाला, माझा भाचा तुमच्या गुजरातच्या जेलात आहे. तोही मच्छीवालाच. मी तुला पाजलं तर तिकडे त्याला कोणीतरी पाजेल.

मग वर काय चक्रं फिरली देव जाणे. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोन सरकारांनी ठरवलं की या रोगात एकमेकांची माणसं कोठडीत मरू द्यायची नाहीत. तुमचे तुम्ही घ्या, आमचे आम्ही घेतो. सीमेवरचं बंद फाटक तेवढ्यापुरतं उघडलं. जमिनीवर एक पांढरी रेघ होती. तिकडून हे आले, इकडून ते गेले. भूपेश समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे मास्कवरचे डोळे बघत होता, यातला म्हाताऱ्याचा भाचा कोणता असेल म्हणून. पाकिस्तानी डॉक्टरचा तपासणीचा कागद हिंदुस्थानी डॉक्टरनं वाचला आणि मान डोलावली.

तो कागद अमृतसरला चालला, नागपूरला चालला, गावात चालेना. इथे पुंडलिकराव होते. पुंडलिकराव म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, आणि तुडुमाच्या तंट्यात सगळ्यांच्या पुढे लाठी घेऊन उभे होते तेही हेच. ते म्हणाले, "पाकिस्तानचा कागद आमी काहून मानाव?" झालं. कराचीतून सुटलेला माणूस पुन्हा कोंडला गेला.

आणि पाळीचं म्हणाल तर तिथे काय थाट होता. करोनाच्या भीतीनं गाववाल्यांनी आपल्या टोकाला बाभळीच्या काट्यांचा ढीग टाकला, ढिवरांनी येऊ नये म्हणून. ढिवर काय मागे राहतात? त्यांनी आपल्या टोकाला त्याहून मोठा ढीग टाकला. मधला पाळीचा तुकडा कोणाचाच नव्हता. भूपेशनं ते खिडकीतून पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याला हसूच आलं. अरे, हे तर मी आत्ता ओलांडून आलो. मग हसू कुठल्या कुठे गेलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

आरोग्याचं काम बघणारी गावची आशाताई रिता, तीच काय ती त्याच्याजवळ यायची. डबा द्यायची, आणि एक जुना फोनही तिनं गजांतून दिला होता. त्या फोनवर एका सकाळी त्याची बहीण रंजू आली. आवाज रडवेला.

"दादा, मायले दम लागून राहिला. ओठ निळे पडले. काल तं भात खाल्ला होता रे."

"पालथी निजव तिले," भूपेश म्हणाला. "पाठीवर हात ठेव. श्वास वर वर जाऊन राहिला काय?"

"हो."

बराकीत त्यानं हा श्वास ऐकला होता. ज्यांचा असा झाला त्यांतले किती उठले तेही बघितलं होतं. त्यानं रिताला सांगितलं, रितानं तडक फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. पण गाडी येणार ती शाळेपर्यंतच. त्या काठाला रस्ता नाही. तलावाच्या काठांना मांडीभर चिखल, तिथे ढिवरांचा डोंगा, त्यांची लहान होडी, तीही लागेना. उरली पाळ, आणि पाळीवर दोन्हीकडून काटे.

रिता धावत पुंडलिकरावांकडे गेली. ते म्हणाले, "त्यायचा रोग आमच्या दारावरून नेता काय? जमणार नाही." मग तिनं त्या काठाला फोन लावला, ढिवरांच्या तुलाराम म्हाताऱ्याला. तुलाराम म्हणजे मोहल्ल्याचा कर्ता माणूस, भूपेशचा सख्खा मोठा बाप, म्हणजे थोरला चुलता. तो म्हणाला, "पुंडलिकापुढे आमी हात जोडत नसतो. त्यानं आधी काटे उचलाव." म्हणजे म्हातारी मेली तरी चालेल, मान वाकायला नको. असली माणसं देवानं दोन्ही काठांना सारखी वाटली होती.

भूपेशनं गज हलवून बघितले. दार खांद्यानं ढकललं. लाथ घातली. सरकारी दार होतं, तरी नेमकं ते मजबूत निघालं. पाण्यापलीकडे रंजू मायच्या तोंडाशी पंखा हलवताना दिसत होती. हातभराच्या खिडकीतून सगळं दिसायचं आणि करता काही येत नव्हतं. त्याला वाटलं, कराचीतून सुटलोच नाही आपण. नुसती कोठडी बदलली.

मग पुंडलिकराव कुलूप तपासायला आले. रोजच यायचे. दूर उभे राहून तोंडावर गमछा धरायचे. भूपेशनं शिव्या गिळल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, "काकाजी, पऱ्हे कसे हायेत जी?"

पुंडलिकराव दचकले. मृग कोरडा गेला होता. धानाची रोपं वाफ्यातच पिवळी पडत चालली होती.

"जळून राहिले. तुले काय करायचं?"

"पाणी पाहिजे ना?"

"तुडुम तुमच्या लोकायपाशी हाये. ते देतीन काय?"

"माही माय इकडून जाऊ द्या. पाणी तिकडून येईन."

पुंडलिकरावांनी तलावापलीकडे तुडुमाकडे बघितलं. मग म्हणाले, "मले तुमचा भरोसा नाही."

"मलेबी तुमचा नाही," भूपेश म्हणाला. "त्या दोन देशायचाबी एकमेकावर नव्हता, काकाजी. तरी त्यायनं फाटक उघडलंच ना? माणसं दोन्हीकडे अडकली होती, तेवढं पुरलं."

पुंडलिकरावांनी गमछा तोंडावरून काढला, पुसल्यासारखं केलं, परत बांधला.

"तू मात्र गाडीत बसायचा नाही. शाळेच्या फाटकापाशी मी चुन्याची रेघ मारतो. तिच्या अलीकडे उभा राहाजो. अन् गाडी गेली का परत कुलूप."

"मायले भेटू तं द्या."

"दुरून पाहाजो. पटत असन तं सांग."

पटण्याचा प्रश्न होता कुठे? भूपेशनं फोन उचलला आणि तुलारामला लावला.

"तुडुम उघडला तं मासोळी मरन, पोरा," म्हातारा म्हणाला.

"मोठेबाबा, माय मरून राहिली."

मग तुलाराम म्हणाला, "चार बोटं उघडतो. त्याच्यावर नाही."

दुपारी गाडी आली आणि पाळीवर तमाशा सुरू झाला. इकडे गाववाले काट्यांपाशी उभे, तिकडे ढिवर काट्यांपाशी उभे, आणि आधी कोण उचलणार यावर सगळे अडून बसले. तोवर बाजेवर म्हातारीचा जीव घशाशी आलेला. शेवटी रिता मधल्या तुकड्यात जाऊन उभी राहिली आणि दोन्हीकडे हात करून म्हणाली, "लाजा वाटू द्या थोड्या. दोघंबी एकदमच उचला." तेव्हा कुठे दोन्ही ढीग बाजूला झाले.

भूपेश रेघेपाशी उभा होता. ढिवरांनी बाज पाळीच्या मध्यापर्यंत आणली, तिथून ॲम्ब्युलन्सच्या पोरांनी घेतली. मागे रंजू, पदरानं तोंड झाकून. बाज हलत हलत जवळ येत होती. लहानपणी तापात हीच माय त्याला पाठीशी बांधून या पाळीवरून डॉक्टरकडे घेऊन गेली होती, हे त्याला आठवलं आणि डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं. फाटकासमोर पोरांनी हात बदलायला बाज टेकवली. तो आणि माय यांच्यामध्ये आता फक्त ती रेघ होती.

"माय," तो म्हणाला.

यशोदाबाईंनी मान वळवली. "कोन होय बाबू?"

"मी भूपेश."

त्यानं मास्क खाली ओढला. पण तुरुंगानं त्याच्यात ओळखण्यासारखं ठेवलं होतं काय? डोकं भादरलेलं, गाल बसलेले, पुढचे दात गेलेले, दाढी पांढुरकी. म्हातारीनं बराच वेळ बघितलं.

"सगळे असंच म्हनतात," ती म्हणाली. बोलताना मधे मधे थांबत होती. "रंजूबी म्हनते, भूपेश शाळेत आला. मले बरं वाटाव म्हनून म्हनते ते. माहा भूपेश पाकिस्तानात हाये. तू तिकडचाच दिसतं. भेटला तं त्याले सांगजो."

भूपेशच्या पायाचा अंगठा रेघेवर आला होता. पुंडलिकराव बघत होते. पाळीवर काटे हातात धरून दोन्हीकडची माणसं बघत होती. एक पाऊल पुढे पडलं असतं तर तिथेच सगळं फिसकटलं असतं आणि बाज भर रस्त्यात अडली असती. त्यानं पाय मागे घेतला.

"काय सांगू, माय?"

"तुडुमाचं भांडन मिटलं म्हनाव. आता घरी ये म्हनाव. जाळं म्या शिक्यावर टांगून ठेवलं, उंदरानं खाल्लं नाही."

पुंडलिकराव चार पावलांवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. ते खाली बघायला लागले.

"मिटलं, माय," भूपेश म्हणाला. "सांगतो मी त्याले."

पोरांनी बाज उचलली. रंजू वळून वळून बघत आत चढली. गाडीचं दार लागलं, धूळ उडाली, गाडी भंडाऱ्याच्या वाटेला लागली. थोड्या वेळानं शाळेमागच्या पाटात खळखळ ऐकू आली. पाणी आलं होतं, चार बोटांचं. तिकडे पाळीवर दोन्हीकडच्या लोकांनी आपापले काटे ओढून होते तिथे लावले.

पुंडलिकराव कुलूप हातात घेऊन दारात उभे राहिले. लावीनात.

"पाणी आलं, बापा," ते म्हणाले.

"लावा जी कुलूप," भूपेश आतून म्हणाला. "ठरलं ते ठरलं." मग त्यानंच दार ओढून घेतलं. बाहेर कडी वाजली.

ऊन उतरता उतरता रंजूचा फोन आला. भंडाऱ्याला खाट मिळाली होती, ऑक्सिजन लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आणलं.

"बोलते काय माय?"

"बोलते ना. केव्हाची एकच गोष्ट विचारून राहिली, दादा." रंजू म्हणाली. "शाळेपाशी तो पोरगा होता, त्याले जेवाले कोन देते म्हने. त्याची माय नाही काय म्हने."

भूपेशनं गजांतून पाण्यापलीकडे बघितलं. पडवी रिकामी होती.

"हाये म्हन," तो म्हणाला. "आजच भेटली म्हन."