साध्या झाकणाचं दूध

विचारलं नाही, हेच मुळात चुकलं. झाकणं बदलायची होती तर बदल बाई, पण सासू चार पावलांवर गोठ्यात धार काढत बसलेली असताना तिला एका शब्दाने विचारू नये? सोमवारी सकाळी सासूबाई चरवी घेऊन बाटल्यांच्या खोलीत आल्या तर काय, भरलेल्या बाटल्यांवर हिरव्या झाकणांच्या जागी पांढरी झाकणं. कुणाच्याही दुधावर असतात तसली. बाटलीवरची ‘सेंद्रिय’ लिहिलेली चिठ्ठीसुद्धा गायब. आणि सूनबाई शांतपणे पेट्या गाडीत चढवतायत, जणू काही झालंच नाही.

त्या हिरव्या झाकणामागे सासूबाईंची तीन वर्षं होती. तीन वर्षं रानात औषधाचा थेंब नाही की खताची गोणी नाही. तण हातांनी उपटलं, शेजाऱ्यांचं हसणं ऐकून घेतलं. मग तपासणीवाला माती, चारा, गोठा बघून गेला, तेव्हा कुठे दुधावर ‘सेंद्रिय’ लिहायची परवानगी मिळाली. सासूबाईंची शाळा सही येईपर्यंतच झालेली, पण तो एक शब्द त्या लांबूनही ओळखत.

पुढे मंदी आली. कारखान्याने निम्मी माणसं घरी बसवली आणि एकामागून एक रतीब बंद झाले. मुलाने सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत निदान पन्नास घरं परत आली नाहीत तर हा नाद सोडायचा. रानात फवारणी करायची आणि दूध सरसकट डेअरीच्या टँकरमध्ये ओतायचं. फवारणीचा पंपही तो कुणाचा तरी मागून घेऊन आला. एकदा फवारलं की पुन्हा तीन वर्षं पहिल्यापासून. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली. तेवढी वर्षं हाताशी आहेत का, हे त्या कुणाला विचारत नव्हत्या.

आणि नेमकं आत्ताच ही बया दुधाचं नाव पुसायला निघालेली.

सुनेने दोन दिवस बसून बंद झालेल्या घरांना फोन केले होते. तिचं म्हणणं, काहींना खरंच परवडत नाही, पण पुष्कळांना दूध परवडतं, ते घेताना दिसणं परवडत नाही. भाव तोच, दूध तेच, घेणाऱ्याला ठाऊक असलं म्हणजे झालं. सासूबाईंनी विचारलं, आपलं दूध काय चोरीचं आहे, वेश पालटून जायला?

“आई, एकदा माझ्याबरोबर फेरीला चला,” सून म्हणाली. “मग काय बोलायचं ते बोला.”

सासूबाई गाडीत बसल्या. बघायला नव्हे, सुनेला तोंडघशी पाडायला.

पहिलीच गल्ली चिंचोळी, दारं समोरासमोर. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, पांढरं झाकण बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. समोरचीची कारखान्यातली नोकरी गेली, त्या हळूच सांगू लागल्या. रोज सकाळी ती दार उघडायची आणि हिरवं झाकण तिच्या डोळ्यांसमोर. घोट घशाखाली उतरेना, म्हणून रतीब बंद केला. आता द्या दोन लिटर, पण तिला तेवढं कळू देऊ नका.

मग समोरचं दार. आत शिवणयंत्रावर दुसऱ्यांचे कपडे पडलेले. त्या बाईने अर्धा लिटर घेतलं. पोरगी दुसऱ्या दुधाला तोंड लावत नाही, ती कुजबुजली, म्हणून मी माझा चहा सोडलाय. पण लोक म्हणतील, हाताला काम नाही आणि थाट बघा. समोरच्या बाईंना तर मुळीच सांगू नका.

सासूबाईंच्या ओठांवर आलंच होतं. जिभेवर आलेलं गिळायची सवय त्यांना जन्मात नव्हती. नवरा होता तेव्हा त्याच्यासाठीही त्यांनी ती लावून घेतली नाही. तेवढ्यात मास्तरीणबाई परत बाहेर आल्या. दोघींची नजर एकमेकींच्या बाटलीवर गेली.

“हल्ली साधंच घेते,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मीपण. साध्याला काय धाड भरलीय?”

दोघींनी एकदमच सासूबाईंकडे बघितलं. सून गाडीची काच पुसायला लागली, आधीच स्वच्छ होती ती.

“दूध ते दूधच,” सासूबाई म्हणाल्या, आणि तीन वर्षांचं तण उपटलेले हात त्यांनी पदराखाली घेतले.

दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी बोलत असाव्यात तशा दारात उभ्या राहून बोलत राहिल्या.

गल्ली संपेपर्यंत अकरा घरांचा रतीब पुन्हा लागला. परतताना सासूबाई बोटांवर घरं मोजत राहिल्या. सून अधूनमधून चोरून बघत होती, बॉम्ब कधी फुटतो याची वाट बघत. अंगणात गाडी थांबली. मुलगा दारात उभा होता. सासूबाईंनी त्याला ‘एका गल्लीत अकरा’ एवढंच ऐकवलं, फवारणीचा पंप ज्याचा आणलाय त्याला देऊन ये म्हणाल्या, आणि मग सुनेकडे वळल्या.

“आगाऊ आहेस. पण अक्कल आहे तुला, आणि हे मी एकदाच म्हणणार, पुन्हा म्हणायला लावू नकोस. झाकणं पांढरीच राहू देत. उद्या मागच्या गल्लीला मीही येते. तिथे कोण कुणापासून काय लपवतंय, ते सगळं पोटात ठेवणं तुझ्या एकटीच्याने व्हायचं नाही.”