अंगठ्याची साक्ष

“वर बघ, वर! खारूताई कुणाचा गं दाणा पळवतेय?”

लहानपणी आत्या असं म्हणायची, आणि भाची मान वर करेपर्यंत तिच्या तळपायातला काटा निघालेलाही असायचा.

तोच आवाज कानात घोळवत ती सिरिंजमधली हवा काढत होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. परीक्षेच्या अर्जाची आज शेवटची तारीख आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत सहीची एकच चौकट रिकामी. शिकवणाऱ्या मॅडमचा नियम सगळ्या वॉर्डाला पाठ होता : पेशंट “कळलंच नाही” म्हणाला, तरच सही.

पेशंट म्हणजे शिंपीकाका. पंधरा दिवस रोज सकाळी दंडात इंजेक्शन आणि रोज सकाळी तीच बोंब. पहिला आठवडा ती मनात पायऱ्या मोजायची, पुसा, ताणा, टोचा, आणि हाताचं लाकूड व्हायचं. मग एका सकाळी आत्या आठवली. तेव्हापासून रोज काकांना एक प्रश्न. आजही.

“आली का माझी वैरीण?”

“आले. काका, कोटाची आधी बाही लावतात की कॉलर?”

“बाही? अगं वेडे, आधी खिसे! खिसे झाल्याशिवाय कोटाला हात...”

ती कापूस दाबून उभी होती. काकांच्या ध्यानात यायला अंमळ वेळच लागला.

“आई गं! मेलो!”

शेजारच्या खाटा खुदखुदल्या. तिचा चेहरा मात्र एवढासा झाला. तिने वही मिटली.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या मॅडमनी वही तिच्या हातातून घेतली, उघडली आणि सही ठोकली.

“पण मॅडम, काका तर ओरडले...”

“ओरडू देत. मी तोंड बघत नाही, पाय बघते. दुखलं की यांच्या पायाचा अंगठा आकड्यासारखा वळतो. आठ दिवस झाले, जागचा हललेला नाही. म्हटलं, बघू तरी हे कधी खरं बोलतात.”

काकांनी हळूच पाय चादरीत ओढून घेतला. तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे कधी भरले, ते तिलाही कळलं नाही.

“काका, का हो?”

काका चादरीची शिवण चाचपत राहिले.

“सही झाली की तू चाललीस मुलांच्या वॉर्डात. उद्या मला कोटाचं कोण विचारणार?” मग मान वर न करताच म्हणाले, “कळतच नव्हतं गं, पोरी.”